कुंपण आणि शेत : वऱ्हाडातील बंडे आणि बंदोबस्ताची किंमत

‘ही काय मोगलाई लागून गेली आहे?’ हे वाक्य मराठी माणूस रागाच्या भरात सहज बोलून जातो. बोलताना त्याच्या मनात कोणताही इतिहास नसतो. बेबंदशाही, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसणे, एवढाच अर्थ त्याला अभिप्रेत असतो. परंतु पैनगंगेच्या काठावरील पुसद-उमरखेडकडच्या माणसाला हा शब्द केवळ अलंकार नव्हता. १८५३ नंतर शंभर वर्षे त्याच्या दृष्टीने नदीच्या अलीकडे वऱ्हाड होते आणि पलीकडे मोगलाई, म्हणजे हैदराबादच्या निजामाचा मुलूख. लग्ने नदी ओलांडून होत, बैलांचे बाजार नदी ओलांडून भरत आणि दरोडेखोरही नदी ओलांडूनच पसार होत. १८५३ पूर्वी तर अलीकडचा काठही मोगलाईतच होता.

आपल्या भागाच्या इतिहासाची जी एक सर्वमान्य कथा आहे, ती याच शब्दाभोवती गुंफलेली आहे. मोगलाईत अनागोंदी होती, नाईक-पेंढारी लुटत होते, मग इंग्रज आले, त्यांनी बंडे मोडली, बंदोबस्त केला आणि कापूस पिकू लागला. ही कथा गॅझेटियरांनी सांगितली, तेथून ती शालेय पुस्तकांत आली आणि तेथून आपल्या बोलण्यात. ती खोटी नाही. पण तिच्यात जमेची बाजू तेवढी मांडलेली आहे, खर्चाचे पान गाळलेले आहे. बंडे मोडण्यासाठी जी फौज उभी राहिली तिचा पगार कोणी दिला, तो थकला तेव्हा काय झाले आणि शेवटी त्या थकबाकीत काय गेले, हे पाहिले की आपल्याच भाषेतली एक म्हण आठवते : कुंपणच शेत खाते. येथे ती अक्षरशः खरी ठरली. वऱ्हाडाच्या रक्षणासाठी घातलेल्या कुंपणाने वऱ्हाड खाल्ले.

आजकाल राज्यशास्त्राच्या परिभाषेत ‘नाजूक राज्ये’ असा एक शब्दप्रयोग रूढ झाला आहे. ज्या राज्याला आपल्या सीमेच्या आत कर गोळा करता येत नाही, न्याय देता येत नाही आणि शस्त्राचा वापर केवळ आपल्याच हाती ठेवता येत नाही, ते नाजूक राज्य. उदाहरणे अफगाणिस्तान, सोमालिया, माली येथील दिली जातात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला निजामी वऱ्हाड या यादीत विनासायास बसतो, आणि त्याचा अभ्यास करायला यवतमाळच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही.

प्रथम त्या नाजूकपणाचे मूळ पाहू. अठराव्या शतकात वऱ्हाडात ‘दोअमली’ होती. सार्वभौमत्व निजामाचे, पण महसुलात मोठा वाटा नागपूरकर भोसल्यांचा. एकाच गावात दोन सरकारांचे कमाविसदार वसुलीला येत. रयतेच्या दृष्टीने दोन धनी म्हणजे दोन्हीकडून तगादा आणि एकाकडूनही संरक्षण नाही. १८०३ मध्ये इंग्रजांनी २९ नोव्हेंबरला अडगाव येथे भोसल्यांच्या व शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड घेतला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला आणि तो कंपनीचा मित्र म्हणून निजामाच्या पदरात पडला. दोअमली संपली. परंतु त्याच सुमारास वऱ्हाडात भीषण दुष्काळ पडला, गावे ओस पडली, आणि युद्ध संपल्यामुळे बेकार झालेले हजारो घोडेस्वार व शिपाई शस्त्रांसह मोकळे हिंडू लागले. नव्या धन्याच्या हाती आलेला मुलूख असा होता.

या मुलखाची राखण परंपरेने कोण करीत असे? देशमुख-देशपांडे महसुलाचे पाहत. डोंगर, घाट आणि वाटा यांची जबाबदारी मात्र नाईकांवर असे. पैनगंगेच्या दोन्ही बाजूंच्या डोंगराळ पट्ट्यात हटकर समाजाच्या नाईकांचे प्राबल्य होते, उमरखेड परगण्यात तर विशेषच. हे हटकर म्हणजे भालेकरी धनगर, शिपाईगिरीचा बाणा जपणारे. वाट राखायची आणि त्याचा हक्क घ्यायचा, अशी ही जुनी व्यवस्था. सरकार बळकट असले की नाईक राखणदार राहतो. सरकार दुबळे झाले, त्याचा हक्क बुडाला, की तोच नाईक वाट अडवतो. राखणदार आणि पुंड यांच्यामधली रेषा माणसाच्या स्वभावावर कमी आणि सरकारच्या प्रकृतीवर अधिक अवलंबून असते. इंग्रजी कागदांत ‘नाईक’ हा शब्द जवळजवळ ‘लुटारू’ या अर्थाने येतो. एका पदाचे नाव गुन्ह्याचे नाव कसे बनते, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावे असे आहे.

हैदराबादेतील सरकारची प्रकृती तर रोज ढासळत होती. सिकंदर जाहच्या काळात कारभार पेशकार चंदूलालच्या हाती होता. महसूल गोळा करण्याची त्याची रीत म्हणजे इजारा. जो सर्वांत मोठी रक्कम कबूल करील त्याला परगणा द्यायचा. त्याहून मोठी बोली आली की पहिल्याला मुदतीआधीच काढून दुसऱ्याला बसवायचे. इजारदाराला उद्याची खात्री नसल्यामुळे तो आजच सगळे ओरबाडून घेई. वसुलीसाठी तो अरब किंवा रोहिले शिपाई ठेवी. त्यांचा पगार थकला की ते गढी किंवा परगणाच अडवून बसत. अरब जमादार सावकारीही करीत आणि सरकारलाच कर्ज देत. म्हणजे शस्त्र, कर आणि कर्ज ही तिन्ही सूत्रे सरकारच्या हातून सुटून एकाच माणसाच्या हाती येत होती. ज्याला आपण बंड म्हणतो ते पुष्कळदा पगारासाठी धरलेले धरणेच असे, फक्त ते तोफेच्या आडून धरलेले असे.

या गोंधळात १८१८ चा उन्हाळा आला. पुणे सोडून धावणारा दुसरा बाजीराव, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी हातमिळवणी करण्याच्या आशेने वर्धा नदीच्या दिशेने, आजच्या यवतमाळ जिल्ह्यात उतरला. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याच्या बाजूला शिवणी येथे कर्नल ॲडम्सने त्याला गाठले आणि त्याची उरलीसुरली फळी फोडली. ३ जून रोजी तो माल्कमच्या स्वाधीन झाला. पेशवाईचा शेवट म्हटला की आपल्याला खडकी, कोरेगाव, अष्टी आठवतात, शिवणी आठवत नाही. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने शिवणीचे महत्त्व वेगळे आहे. येथे फुटलेल्या फौजेतले लोक आकाशात विरले नाहीत. घोडा, भाला आणि रिकामे पोट घेऊन ते याच डोंगरांत राहिले. मोठे युद्ध संपते त्या दिवसापासून लहान युद्धे सुरू होतात, हा अनुभव अलीकडच्या काळात इराकने पुन्हा घेतला. तेथे २००३ मध्ये सैन्य बरखास्त झाले आणि घरी पाठवलेले सैनिक पुढे बंडखोरांच्या फळीत दिसले.

या सुमारास नोवसाजी नाईक हे नाव पुढे येते. उमरखेड-हदगाव या पट्ट्यात त्याचा जोर होता आणि आजच्या नांदेड जिल्ह्यातील नाव्हा ही त्याची गढी. तिच्यात सुमारे पाचशे अरबांची शिबंदी होती. तिच्यावर चालून गेली ती निजामाच्या नावाची पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज. तिचा जन्म कसा झाला हे जरा सविस्तर पाहिले पाहिजे, कारण आपल्या कथेतले कुंपण ते हेच.

निजामाने इंग्रजांकडून संरक्षण आधीच विकत घेतले होते. १७९८ आणि १८०० च्या तहांनी हैदराबादेत कंपनीची तैनाती फौज आली आणि तिच्या खर्चापोटी, टिपूकडून मिळालेले जिल्हे निजामाने कायमचे तोडून दिले. १८०० च्या तहात आणखी एक कलम होते : युद्धप्रसंगी निजामाने सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ मदतीला द्यावे. कलम युद्धापुरते होते. पण निजामाची स्वतःची फौज बेभरवशाची होती आणि थकलेल्या पगारापायी बंडाळी करी. १८१२ मध्ये असेच बंड झाल्यानंतर रेसिडेंट हेन्री रसेल याने इंग्रजी पद्धतीने कवायत शिकवलेल्या दोन पलटणी उभ्या केल्या. अधिकारी इंग्रज, पगार निजामाच्या तिजोरीतून पण नियमित, आणि हुकूम व्यवहारात रेसिडेंटचा. तिला रसेल ब्रिगेड असेच नाव पडले. १८१६ मध्ये इव्हान डेव्हिसच्या हाताखाली घोडदळाची अशीच सुधारणा झाली. एलिचपूर, हिंगोली, औरंगाबाद येथे छावण्या पडल्या. युद्धापुरती मागितलेली मदत शांततेतली कायमची फौज बनली. पुढे तिला हैदराबाद कंटिन्जंट म्हणू लागले.

जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनने याच फौजेनिशी नाव्ह्याला वेढा दिला. तोफा आणि सुरुंग चालले आणि ३१ जानेवारीला गढीवर हल्ला होऊन ती पडली. आतल्या शिबंदीपैकी चारशेहून अधिक माणसे मारली गेली. पाचशेपैकी चारशे, हे प्रमाण लढाईचे नसून संहाराचे आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातील नाईकांचे बळ त्यानंतर खचले.

नोवसाजी आपल्याला भेटतो तो त्याला मोडणाऱ्यांच्या कागदांतून : पलटणींच्या इतिहासातून आणि आल्फ्रेड लायलने संपादित केलेल्या १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरमधून. रसेल ब्रिगेडच्या वारसदार पलटणींनी ‘नोवाह’ हे नाव रणसन्मान म्हणून मिरवले. पैनगंगेच्या काठची एक गढी इंग्रजी उच्चारात, रेशमी निशाणावर, जरीच्या अक्षरांत राहिली. जेथे ती माणसे मेली तेथील भाषेच्या पाठ्यपुस्तकात मात्र तिला एक ओळ मिळाली नाही. नोवसाजीला स्वातंत्र्यवीर ठरवण्याचा मोह येथे होऊ शकतो, आणि अलीकडे प्रत्येक जिल्ह्याला आपापला आद्य क्रांतिकारक हवाच असतो. तो मोह आवरावा. त्याच्या पदरी अरबांची भाडोत्री शिबंदी होती आणि तिचा खर्च कोणत्या तरी गावांनीच सोसला असणार. परंतु त्याला नुसता दरोडेखोर म्हणून निकालात काढणेही तितकेच आळशीपणाचे आहे. तो एका मोडलेल्या व्यवस्थेतला मनसबदार होता. ती व्यवस्था त्याने मोडली नव्हती, त्याने तिच्या पडझडीत आपली जागा धरून ठेवली होती.

निष्पक्षपणे हेही म्हटले पाहिजे की कंटिन्जंटने आपले काम केले. वाटा पूर्वीपेक्षा निर्धोक झाल्या. १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजी मेहेरजी यांच्या पारशी पेढीने वऱ्हाडातून बैलांच्या पाठीवर मुंबईला कापूस पाठवला. व्यापारी कापूस लादतो तेव्हा त्याला वाटेचा काही एक भरवसा असतो. हा भरवसा ज्या शेतकऱ्याला हवा होता त्याच्या दृष्टीने नाव्ह्याचा पाडाव ही वाईट बातमी नव्हती. बंडखोरांविषयी लिहिताना आपण साहित्याचे लोक कित्येकदा हे विसरतो. डोंगरातल्या नायकाविषयी आपल्याला आकर्षण वाटते, पण पायथ्याच्या गावाला त्याच्याविषयी काय वाटत होते, हे आपण विचारत नाही.

आता खर्चाचे पान उघडू. कंटिन्जंटचा वार्षिक खर्च चाळीस लाख रुपयांच्या घरात गेला. फौजेच्या मानाने अधिकारी फार आणि त्यांचे भत्ते मोठे. कंटिन्जंटमधील नेमणूक ही तरुण इंग्रज अधिकाऱ्याला वशिल्याने मिळणारी उत्तम जागा होती. खर्च कमी करण्यात देणाऱ्याशिवाय कोणाचेच हित नव्हते आणि देणाऱ्याला विचारण्याची पद्धत नव्हती. चंदूलालला मात्र एक गोष्ट पक्की समजली होती : कंटिन्जंटचा पगार वेळेवर गेला की रेसिडेन्सीचा वरदहस्त कायम राहतो आणि तो असला की मुलखात काय चालले आहे हे कोणी विचारत नाही. राज्यकर्त्याचे उत्तरदायित्व रयतेकडून सरकून फौजेच्या पगारपत्रकाकडे गेले.

पैसा कमी पडला की कर्ज. १८१४ मध्ये हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी निघाली. इंग्रजांनी देशी संस्थानिकांना कर्ज देण्यावर कायद्याने बंदी होती, पण १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने या पेढीला सूट दिली. पेढीतला एक भागीदार, सर विल्यम रम्बोल्ड, याची पत्नी हेस्टिंग्जच्या घरात त्याची पाल्य म्हणून वाढली होती. वऱ्हाड-औरंगाबादकडील फौजेचा पगार पेढीने आगाऊ भरावा आणि त्याबदल्यात परगण्यांच्या महसुलावर हक्क घ्यावा, अशी व्यवस्था झाली. व्याजाचा दर शेकडा चोवीसच्या आसपास पडे. १८२० मध्ये रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. पेढीचे देणे भागवण्यासाठी निजामाला उत्तर सरकार प्रांतापोटी कंपनीकडून दरसाल मिळणारी सात लाखांची पेशकश एकरकमी मोबदल्यात कायमची सोडावी लागली. मेटकाफचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. मात्र त्याने सावकार हटवला, फौज हटवली नाही. ज्या खर्चापायी सावकार आला होता तो खर्च तसाच राहिला.

मग दुसरे सावकार आले. पूरणमल या हैदराबादी सावकाराकडे वऱ्हाडाचा बराच भाग इजाऱ्याने गेला. १८३९ मध्ये त्याला काढले. त्यानंतर पेस्तनजींच्या पेढीला मोठमोठे परगणे लावून दिले गेले आणि १८४५ च्या सुमारास त्यांचीही उचलबांगडी झाली. कापूस मुंबईला नेणारी आणि परगणे गहाण घेणारी पेढी एकच होती, ही गोष्ट सूचक आहे. प्रत्येक बदलाबरोबर गावावर नव्या माणसाची वसुली येई. १८४१ मध्ये जामोदच्या तटावर भोसल्यांचे निशाण चढले. १८४९ मध्ये, खरे आप्पासाहेब भोसले जोधपूरला वारल्यानंतर नऊ वर्षांनी, त्यांचे नाव धारण करणाऱ्या एका तोतयाच्या मागे रोहिले आणि इतर लोक जमले. दोन्ही वेळी कंटिन्जंट धावली आणि दोन्ही उठाव मोडले. तोतयाला माणसे मिळतात याचा अर्थ लोक भोळे असतात असा नव्हे. चालू राज्याविषयी त्यांच्या मनात काही उरलेले नसते, म्हणून मेलेला राजा त्यांना बरा वाटतो.

चक्र कसे फिरत होते ते आता स्पष्ट दिसते. फौजेच्या खर्चासाठी इजारा, इजाऱ्यातून रयतेची नागवणूक, नागवणुकीतून उठाव, उठावामुळे फौजेची गरज, आणि गरज सिद्ध झाली म्हणून पुन्हा तोच खर्च. फौज बंड मोडत होती आणि तिच्या पगाराची रीत नवे बंड पेरत होती. कोणी दुष्ट कारस्थान करून हे चक्र रचले असे मानण्याची गरज नाही. त्यातला प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणानेच वागत होता.

१८४० नंतर निजामाच्या तिजोरीतून पगार निघेनासा झाला, तेव्हा कंपनीने आपल्या खजिन्यातून तो उचल म्हणून द्यायला सुरुवात केली, अर्थात व्याजाने. १८४८ मध्ये डलहौसी आला. त्याने कागद तपासले आणि आपल्या टिपणीत स्वच्छ कबूल केले की शांततेच्या काळात ही फौज पोसण्याचे बंधन निजामावर कोणत्याही तहाने पडत नाही. निजामाच्या बाजूचेही काही येणे होते. सिकंदराबाद आणि जालना येथील छावण्यांतील अबकारीचे उत्पन्न इंग्रज वर्षानुवर्षे घेत होते, ते वजावट धरले असते तर कर्ज पुष्कळच घटले असते. ते धरले गेले नाही. कबुली टिपणीत राहिली आणि मागणी तहात आली.

२१ मे १८५३ रोजी कर्नल लो या रेसिडेंटने नासिर-उद-दौलाकडून तहावर सही घेतली. वाटाघाटीत निजामाने लोला सांगितले होते की राजाला दोन गोष्टी लाजिरवाण्या : विनाकारण वडिलार्जित मुलूख देणे आणि इमानाने चाकरी केलेली फौज मोडणे. फौज ठेवली तर मुलूख जातो, आणि मुलूख राखायचा तर फौज मोडावी लागते. त्याने फौज राखली. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब मिळून सुमारे पन्नास लाखांच्या उत्पन्नाचा प्रदेश कंटिन्जंटच्या खर्चासाठी इंग्रजांच्या ताब्यात गेला. सही झाल्यावर काही दिवसांतच दिवाण सिराज-उल-मुल्क वारला आणि त्याचा पुतण्या सालारजंग गादीवर आला. तीस वर्षांत या फौजेवर ढोबळ हिशेबाने बारा कोटी रुपये खर्च झाले होते. मुलूख गेला तो पन्नासएक लाखांच्या थकबाकीपायी.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात एक विलक्षण विपर्यास आहे. १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशी आणि काल्पीवर मोहीम केली तेव्हा त्याच्या सैन्यात हैदराबाद कंटिन्जंट होती. वऱ्हाडातल्या जमीन महसुलावर पोसलेली पलटण राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध लढली. आपल्या पूर्वजांनी सत्तावन्नात काय केले, असा प्रश्न आपण वऱ्हाडात अधूनमधून विचारतो. त्याचे एक अप्रिय उत्तर असे की त्यांनी सारा भरला. १८६० च्या तहाने निजामाचे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव व रायचूर परत मिळाले, पण वऱ्हाड परतले नाही, आणि वऱ्हाडच्या उत्पन्नाचा हिशेब द्यायचे बंधनही गेले. १९०२ मध्ये कर्झनने मीर महबूब अली खानाकडून दरसाल पंचवीस लाखांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. त्यानंतर लवकरच कंटिन्जंट ही वेगळी फौज म्हणून संपली आणि हिंदी सैन्यात विलीन झाली. ज्या फौजेसाठी मुलूख तारण ठेवला ती फौज गेली, तारण मात्र परत आले नाही. १९०५ मध्ये जुन्या वणी जिल्ह्याला पुसद तालुका जोडून त्याचे नाव यवतमाळ झाले. आपल्या जिल्ह्याची कुंडली अशी एका न फिटलेल्या पगारपत्रकात आहे.

बाहेरच्या सत्तेने घडवलेली, बाहेरच्या मापाने महाग असलेली आणि यजमान राज्याला न परवडणारी सुरक्षादले, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात संपला नाही. अफगाणिस्तानात २००१ नंतर जी सेना उभी केली गेली तिचा खर्च त्या देशाच्या स्वतःच्या उत्पन्नातून भागण्यासारखा कधीच नव्हता. तेथे पोसणारा निघून गेला आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. येथे पोसण्याचा खर्च मागणारा राहिला आणि मुलूखच घेऊन बसला. शेवट वेगळे आहेत, पण दोन्हीकडे मूळ दोष एकच : शस्त्र धरणारा ज्याच्यासाठी उभा आहे त्याला जबाबदार नव्हता.

हा सारा इतिहास जुना झाला असे कोणी म्हणेल. परंतु याच जिल्ह्यातील वणी तालुक्यात राजूर हे कोळसा खाणीचे गाव आहे. तेथे जन्मलेला मिलिंद तेलतुंबडे माओवादी पक्षाच्या केंद्रीय समितीपर्यंत पोचला आणि १३ नोव्हेंबर २०२१ रोजी गडचिरोलीत मर्दिनटोल्याच्या जंगलात पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. त्या दिवशी पोलिसांनी जाहीर केलेला मृतांचा आकडा सव्वीस होता. गडचिरोलीतील हा संघर्ष १९८० मध्ये पीपल्स वॉर गटाची दले सिरोंचाकडे उतरली तेव्हापासूनचा. १९९० मध्ये स्थानिक तरुणांतून सी-६० हे पोलिसांचे विशेष पथक उभे राहिले. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ सतरा पोलीस मारले गेले, १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याला पंधरा पोलीस आणि त्यांचा वाहनचालक. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखला जाणारा मल्लोजुला वेणुगोपाल राव साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवून बाहेर आला. सशस्त्र पर्वाचा उतार स्पष्ट दिसतो आहे.

ही तुलना जपून केली पाहिजे. आजचे राज्य १८१९ चे निजामी राज्य नाही. त्याचे पोलीस त्याच्याच तिजोरीतून पगार घेतात, त्यांच्याविषयी विधिमंडळात प्रश्न विचारता येतो, न्यायालयात जाता येते. कुंपण आणि शेत यांचा मालक एकच आहे, निदान संविधानाने तसे लिहिले आहे, आणि हा फरक लहान नाही. तरीही नाव्ह्याच्या कथेने शिकवलेले दोन प्रश्न येथे लागू पडतात. पहिला : बंदोबस्त झाल्यावर त्या शेतात काय पिकते आणि ते कोणाच्या घरी जाते? एटापल्लीच्या डोंगरातून, सुरजागडहून लोहखनिज निघते, तेव्हा तेथील माडिया माणसाने हा प्रश्न विचारला तर तो बंडखोरी नव्हे, हिशेब मागणे होय. दुसरा : मेलेल्यांची मोजदाद कोणत्या भाषेत होते? दलममधला मुलगा आणि सी-६० मधला मुलगा कित्येकदा एकाच बोलीत आईला हाक मारतात. एकाचे नाव हुतात्मा स्मारकावर येते, दुसरा आकडा होतो. राज्याने असा भेद करणे समजण्यासारखे आहे. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र दोन्ही घरांत जायला हवे.

वऱ्हाडच्या इतिहासाविषयी आपल्याकडे काम झालेले नाही असे नाही. यादव माधव काळे यांनी ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला, यवतमाळात य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या द्वारे जुनी कागदपत्रे आणि पोथ्या जमवल्या. त्या पिढीने साधने गोळा केली. ती साधने जमाखर्चाच्या दृष्टीने वाचण्याचे काम आपल्याकडे आले आहे, आणि त्याला इतिहासाच्या पदवीपेक्षा भाषेची जाण अधिक लागेल. ‘नाईक’, ‘इजारा’, ‘तैनात’, ‘बंदोबस्त’, ‘मोगलाई’ हे शब्द आपल्या शब्दकोशांत आहेत, सातबाऱ्यावरही आहेत. या जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या नावापुढे आजही ‘इजारा’ असे लिहिलेले असते. इंग्रजी अमलात ओसाड जमिनी ठेक्याने वसवल्या गेल्या त्याची ती खूण. ज्या शब्दाने जुनी गावे उजाड झाली त्याच शब्दाने नवी गावे वसवली गेली, आणि तेथे राहणाऱ्या विद्यार्थ्याला पत्त्यातला हा शब्द कोठून आला हे ठाऊक नसते.

आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावत असतात. पुसद, महागाव, उमरखेड, झरी, मारेगाव अशा तालुक्यांतून आलेली, नाईकांच्या, बंजाऱ्यांच्या, आंध-कोलामांच्या घरची. त्यांपैकी काही जण गडचिरोलीला नेमणूक घेतील. त्यांच्यापैकीच एकाने मराठीच्या तासाला ‘कुंपणच शेत खाते’ या म्हणीचा वाक्यात उपयोग करून दाखवताना लिहिले होते : ‘पगार वेळेवर झाला नाही तर कुंपण शेत खाते.’ त्या वेळी मी हसून पूर्ण गुण दिले. नाव्ह्याचे कागद वाचल्यावर वाटते की १८५३ च्या तहाचे याहून नेमके वर्णन मला तरी करता आले नसते.